सूनबाईंनी गेला हंगाम राखिला त्याची हकीकत

तख्तांच्या आणि किल्ल्यांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील एका बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या तीन खुर्च्यांच्या मुलुखात, गेला हंगाम थोर की चालू हंगाम थोर या एका सवालावरून जे रण माजले त्यासाठी कोणी लेखणी उचलली नाही, आणि जे हजर होते ते आपापल्या सोयीने सांगत सुटले. सबब खरे काय ते राहावे म्हणून ही हकीकत कोणाची भीड न धरिता लिहिली असे. वाचणाऱ्याने चित्त देऊन वाचावी आणि मध्येच चॅनेल बदलू नये.

तर वर्तमान ऐसे जे, त्या घरचे धनी खासे तपासनीससाहेब, बसखात्यात तिकीटतपासणीच्या कामी उभी हयात घालविलेले, मोठे करारी पुरुष. ते बसमध्ये चढले की कंडक्टर सदऱ्याचे बटण लावी आणि पुढल्या बाकापासून मागल्या बाकापावेतो बोलणे बंद पडे. बिनतिकीट इसम ते तिकीट मागण्याआधीच ओळखीत, आणि त्यांच्या हातून एकही सुटला नाही ऐसी ख्याती होती. साहेबांची निष्ठा दोहो ठायी, एक बसखाते आणि दुसरा पिवळा संघ. पिवळा संघ म्हणजे शहरचा फुटबॉल क्लब, ज्याने चषक पाहिला तो नेहमी दुसऱ्याच्या हाती पाहिला. संघाने शिकस्त खाल्ली तरी साहेबांची निष्ठा तसूभर ढळली नाही, उलट रविवारी हरलेल्या संघाची बाजू ते सोमवारपासून शनिवारपावेतो नेटाने लढवीत.

मग निवृत्तीनंतर साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि टीव्हीवरचे मैदान म्हणजे हिरवा धूर आणि त्यात हलणारे पिवळे ठिपके, ऐसी अवस्था जाहली. आवाज वाढवून ऐकावे तर तीही सोय नव्हती, कारण चिरंजीव औषधांच्या दुकानी रात्रपाळी करून रविवारी दुपारी आतल्या खोलीत निजत, आणि त्या समयी टीव्ही मुका ठेवावा हा घरचा जुना तह होता. आरंभी चिरंजीवांनीच डोळे चोळीत सामना सांगितला. परंतु त्यांचे सांगणे औषध देण्याच्या रीतीचे, बॉल तिकडे, बॉल इकडे, एक गोल, आपल्यावर. त्यायोगे साहेब फार दिलगीर होत. पुढे चिरंजीव सांगता सांगताच खुर्चीत घोरू लागले, तेव्हा साहेबांनी फर्मान काढिले की ही कामगिरी इतउत्तर सूनबाईंनी चालवावी.

सूनबाई गाद्या आणि पलंग विकण्याच्या दुकानी कामास होत्या, आणि फुटबॉलविषयी त्यांची मालुमात इतकीच की चेंडू एक असतो. लग्न होऊन घरी आल्यापासून सासरे आणि सून यांचे दरम्यान संभाषण काय ते दोन प्रकारचे, एक "चहा ठेवा" आणि दुसरे "दार लावा". सासऱ्यांचे मनात काही वाकडे नव्हते, परंतु उभ्या हयातीत माणसांशी तिकिटाखेरीज कशाविषयी बोलावे हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि सूनबाई त्यांच्या नजरेसमोर उभ्या राहिल्या की काही गुन्हा न करिताही गुन्हेगारासारख्या होत. ऐशा स्थितीत सूनबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, साहेबांच्या शेजारी, पदर सावरून बसल्या.

आता सूनबाईंच्या दुकानाचा दंडक ऐसा जे, मालास वाईट म्हणू नये. स्प्रिंग कुरकुरली तर तो मजबुतीचा आवाज, गादी मध्ये खचली तर ती अंगाला ओळख देते, आणि पलंग डुलला तर तो अंगभूत झोका. पहिल्याच रविवारी पिवळ्या गोलकीपराच्या दोन पायांमधून चेंडू जाळ्यात गेला, आणि सूनबाईंच्या जिभेवर जे आले ते दुकानच्या सवयीने आले. त्या म्हणाल्या, "बाबा, गोल झाला. पण आपला गोलकीपर काय उभा होता! अगदी ऐसपैस. चेंडूला दुसरीकडून जायची हिंमतच झाली नाही." साहेबांनी मान डोलाविली आणि विचारिले, "मग?"

हे "मग?" म्हणजे सूनबाईंस वतन मिळाले. त्यांनी त्या हंगामी पिवळ्या संघाचा जो पराक्रम सांगितला तो पिवळ्या संघाने ऐकिला असता तर घामाने भिजून गेला असता. गोलसंख्या मात्र त्यांनी कधी बदलली नाही, कारण ती दुसऱ्या दिवशी कोणीही सांगे. जे काय बदलावयाचे ते दोन गोलांच्या मधल्या मोकळ्या रानात बदलिले. डावा बॅक म्हणजे डबल मजबूत, दहा वर्षांत खचायचा नाही. फटके जितके गोलखांबाच्या बाहेर गेले तितके सर्व खांबास लागले. आणि सात नंबरच्या गड्यावर सूनबाईंची विशेष मर्जी, कारण सात हा आकडा त्यांस दुरून नीट वाचता येई. तो सात नंबर दर रविवारी तिघांस चकवी, चौथ्यास हूल देई, आणि मग नशिबाने दगा दिला म्हणून परत फिरे.

मग ऐसे होता होता "तुम्ही" चे "तू" जाहले. साहेब गुरुवारपासूनच पुसू लागले की सूनबाई, सात नंबरचा पाय बरा आहे ना ग. सूनबाईही दुकानात गिऱ्हाईक नसता मनाशी रविवारची जुळवाजुळव करू लागल्या, आणि माहेर सोडिल्यापासून प्रथमच आपले बोलणे कोणी कान देऊन ऐकतो याचे त्यांस फार सुख जाहले. हंगामाच्या अखेरच्या दिवशी संघ तीन गोलांनी हरला, परंतु दुसरा एक संघ त्याहून वाईट हरल्यामुळे खालच्या वर्गात जाण्याचे टळले. तो सामना सूनबाईंनी ऐसा सांगितला की साहेब सूनबाईंच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान खेळलो आपण." त्या "आपण" मध्ये आपली गणती जाहली हे सूनबाईंनी मनात जपून ठेविले.

नंतर सूनबाईंनीच हट्ट धरून साहेबांस डोळ्यांच्या दवाखान्यात नेले, मोतीबिंदू काढविले, औषधाचे थेंब वेळच्या वेळी घातले, आणि काळा गॉगल लावलेल्या साहेबांस हात धरून जिना चढविला. दोन्ही डोळे लख्ख जाहले. आपण आपल्याच वतनावर कुऱ्हाड चालविली, हे त्या माउलीस पुढच्या हंगामाच्या पहिल्या रविवारी समजले.

कारण त्या रविवारी दोन सरदार घरी दाखल जाहले. एक कवायतमास्तर, शाळेतून निवृत्त, ज्यांचे गुडघे मैदानाच्या पायऱ्या चढण्यास साफ नकार देऊ लागले होते. दुसरा त्यांचा पूर्वीचा विद्यार्थी वायरमन, जो मास्तरांस सोडून कुठे जात नसे आणि पक्कड खिशातून काढीत नसे. दोघे पिवळ्या संघाचेच निष्ठावंत, आणि गेल्या हंगामापावेतो मैदानावर जाऊन सामने पाहणारे. मास्तरांनी आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची धरिली आणि गुडघे ताणून दिले. साहेबांना आता सांगणाऱ्याची गरज उरली नव्हती, आणि चारचौघांसमोर त्यांची जुनी भाषा परत आली. ते म्हणाले, "सूनबाई, चहा ठेवा." सूनबाईंनी चहा ठेविला आणि चुलीपाशी उभ्या राहून दोनदा डोळे पुसले.

आता चालू हंगाम खरोखरच बरा चालिला होता. पिवळा संघ वरून पाचवा होता, जे आजवर कोणी पाहिले नव्हते, आणि मास्तर व वायरमन हर्षाने फुगले होते. परंतु साहेब पाहता पाहता खिन्न होत, आणि सामना जिंकला तरी म्हणत, "काय राहिलंय या खेळात. गेल्या हंगामात खेळ होता." मास्तर प्रथम हसले, मग चिडले, आणि मग खोलीत दोन पक्ष पडले. गतहंगामाच्या पक्षी एकटे साहेब आणि चालू हंगामाच्या पक्षी दोघे. मास्तर आकडे घेऊन चालून येत, की यंदा इतके विजय आणि गेल्या साली निम्मेही नाहीत. साहेब आकड्यांस जुमानीत नसत. त्यांचा मारा आठवणींचा.

एके रविवारी साहेबांनी असा गोळा डागिला की खोली हादरली. ते म्हणाले, "तुमचं ते पाचवं-बिचवं ठेवा बाजूला. गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात सात नंबरने तिघांना झोपवून खांबाला बॉल हाणला, तसं यंदा एकदा तरी दाखवा."

मास्तर म्हणाले, "सात नंबर? अहो, तो त्या दिवशी बाकावर बसून होता. घोटा सुजला होता त्याचा."

हे शब्द स्वयंपाकघरी सूनबाईंच्या कानी पडले. परंतु धीर न सोडिता त्यांनी तत्क्षणी चहाचे आधण उतरवून कपबशा घेऊन कूच केले, आणि ऐन रणात शिरून मास्तरांस त्यांच्या गुडघ्यांचे कुशल पुसले. गुडघ्यांचा विषय निघाला की मास्तर दुसरा विषय जाणत नसत. त्यांनी डावा गुडघा सांगितला आणि मग उजवा सांगितला, आणि तोवर सामना संपला, आणि त्या दिवसापुरती बला टळली.

परंतु मास्तर शाळेत पोरांस पकडण्यात मुरलेले, सबब दाराशी चपला घालताना त्यांस पुन्हा आठवले. त्यांनी जाहीर केले की गेल्या हंगामाचा अखेरचा सामना वायरमनच्या मोबाईलमध्ये आहे, तो येत्या रविवारी टीव्हीस जोडून सर्वांसमक्ष पाहावा, म्हणजे दूध का दूध आणि पाणी का पाणी होईल. साहेबांनी क्षणभर स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि आव्हान स्वीकारिले. वर अशी शर्त घातली की गेला हंगाम जर तसा नसेल तर आपण पिवळा संघ सोडू, फुटबॉल सोडू, आणि रविवारी दुपारी खुशाल झोपू.

त्या आठवड्यात सूनबाईंस घास गोड लागला नाही. संघ राहो की जावो, त्यांस त्याचे काय. परंतु उभ्या हयातीत एकही लबाड न सोडलेल्या माणसापुढे आपण एक अख्खा हंगाम लबाड ठरणार, आणि ते डोक्यावर ठेविलेल्या हाताचे सुख मागाहून खोटे ठरणार, याचे त्यांस भारी दुःख जाहले. नवऱ्यास सांगितले तर नवरा झोपेत "दोनदा घे, जेवणानंतर" म्हणाला आणि कूस बदलून निजला. कुमक कोठूनच येणार नाही हे पाहून सूनबाईंनी एकट्याने जंग करण्याचा निश्चय केला.

रविवार उजाडला. मास्तर व वायरमन तारा घेऊन हजर जाहले, टीव्हीच्या मागे मोर्चे लागले, आणि पडद्यावर मैदान दिसू लागले. तोच सूनबाईंनी स्वयंपाकघरी गीझर लाविला, इस्त्री लाविली, मिक्सर रिकामाच फिरविला, आणि त्या तिहेरी माऱ्याने घरचा फ्यूज उडाला. टीव्ही काळा पडला. सूनबाईंनी सुस्कारा टाकिला. परंतु शत्रूच्या गोटात वायरमन आहे याचा घाईत विसर पडला होता. वायरमनने खिशातून पक्कड काढिली, दारामागची पेटी उघडिली, आणि सूनबाईंच्या हातातली इस्त्री गार होण्याआधी घर पुन्हा उजळले. तो नम्रपणे सांगून गेला, "वहिनी, एका वेळी एकच लावत जा. लोड झेपत नाही."

मग सामना सुरू जाहला, आणि जे दिसले ते लिहिताना लेखणी अडखळते. पिवळे वीर एकमेकांस धडकत होते. डबल मजबूत डावा बॅक पहिल्याच धावेत बसकण मारून बसला आणि चेंडू त्याच्या गुडघ्यास लागून आपल्याच जाळ्यात गेला. आणि सात नंबर बाकावर बसून बुटाची नाडी सोडीत होता आणि पुन्हा बांधीत होता. मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. सूनबाई स्वयंपाकघराच्या चौकटीस टेकून उभ्या होत्या. साहेब आता मान वळवतील, आणि ज्या नजरेने त्यांनी हजार माणसे बसमधून उतरविली त्या नजरेने आपणांकडे पाहतील, हे जाणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी मान वळविली नाही. ते म्हणाले, "वायरमन, त्या खणात माझा काळा गॉगल आहे, तो द्या बघू."

गॉगल आला. साहेबांनी तो भर दुपारी, घरात, नीट कानांमागे बसवून डोळ्यांवर चढविला आणि फर्मान सोडिले, "मास्तर, उठा. ती खुर्ची सूनबाईची आहे."

"अहो, पण माझे गुडघे..."

"गुडघे पलंगावर ठेवा. सूनबाई, इकडे ये ग. मला काही दिसत नाहीये. काय चाललंय ते सांग."

सूनबाई आल्या आणि बसल्या. समोर पडदा होता, दोन देखते साक्षीदार होते, आणि खोटे सांगण्यास तिळाएवढी जागा उरली नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, सात नंबर बाकावर आहे."

"बसलाय?"

"बसलाय," सूनबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्यातील गाद्या विकणारी जागी जाहली. "पण असा बसलाय ना, की त्यांच्या दोन माणसांचं लक्ष त्याच्यावरनं हटत नाहीये. मघापासून नाडी बांधतोय. आता उठेल, मग उठेल, या धास्तीने ते पुढे सरकतच नाहीयेत."

"अस्सं," साहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "मग?"

मग सूनबाईंनी तो सामना त्याच पडद्यावर, त्याच हरणाऱ्या माणसांकडून, पुन्हा खेळवून घेतला. बॅक पडला तर तो पडून वाट अडवितो आहे असे दिसू लागले. चेंडू बाहेर गेला तर तो दमलेल्या सोबत्यांस श्वास मिळावा म्हणून घालविला असे दिसू लागले. वायरमन खुर्चीच्या कडेवर आला आणि त्याने पक्कड मुठीत धरिली. दुसरा गोल जाहला तेव्हा सूनबाई म्हणाल्या की गोलकीपराने उडी उशिरा मारली खरी, पण मारली केवढी. तेव्हा मास्तर पलंगावरून मोठ्याने बोलून गेले, "बरोबर! मी होतो ना तिथे. काय उडी होती ती! आणि त्या सात नंबरला सगळे टरकून होते, मी स्वतः पाहिलंय."

येणेप्रमाणे गनिमाचा खासा सरदार आपल्या पायांनी, दुखऱ्या गुडघ्यांसकट, इकडच्या गोटात आला. तिसऱ्या गोलास तो इतका ओरडला की आतून चिरंजीव उठून आले आणि पुसते जाहले की किती झाले. वायरमनने डोळे पुशीत सांगितले, "तीन. आपल्यावर. पण काय खेळलो आपण!"

मग तह जाहला. गेला हंगाम थोर, हे मास्तरांनी कबूल केले. चालू हंगाम पाचवा आहे ही गोष्ट साहेबांनी मोठ्या मनाने माफ केली, आणि इतउत्तर चालू हंगामही सूनबाईंनी सांगावा, म्हणजे त्यासही काही रूप येईल, असे सर्वानुमते ठरले. पलंगावर उशी देऊन मास्तरांच्या गुडघ्यांची इभ्रत राखिली. फौजा उठून गेल्या.

खोलीत सासरे आणि सून उरले. सूनबाईंनी कपबशा गोळा करिता करिता, खाली मान घालून विचारिले, "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी," साहेब म्हणाले. त्यांनी गॉगल काढून सदऱ्यास पुसला. "ज्याच्याकडे तिकीट असतं ना, तो आधी खिसे चाचपतो. अडखळतो. ज्याच्याकडे नसतं तो गप्पा मारायला लागतो. तू एकदाही खिसे चाचपले नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"ऐकायचं होतं ना पुढचं."

"आणि मास्तरांशी एवढे भांडत बसलात, ते?"

"तू बाहेर येशील आणि पुन्हा सांगशील म्हणून भांडत होतो," साहेब किंचित रागाने म्हणाले. "तर तू आत फ्यूज उडवत बसलीस."

सूनबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या, आणि साहेबांस काय करावे ते न सुचून ते म्हणाले, "चहा ठेव." मग जरा थांबून, उठता उठता म्हणाले, "नाही तर बस. मी ठेवतो." तो चहा कसा जाहला याविषयी सूनबाई जे सांगतात ते ऐकण्यासारखे आहे.

ऐसी ही मोहीम संपूर्ण जाहली. क्लबांच्या गुणतक्त्यात गेल्या हंगामी पिवळा संघ वरून शोधू जाता फार वेळ लागतो आणि खालून शोधू जाता लगेच सापडतो, हे खरे आहे आणि ते कोणी खोडावे असे नाही. परंतु तिसऱ्या मजल्यावर त्या हंगामाची फत्ते जाहली, ती साक्षीदारांसह येथे लिहिली. तपासनीससाहेबांच्या हातून उभ्या हयातीत एकच इसम बिनतिकीट सुटला, तोही त्यांनी जाणूनबुजून सोडिला, आणि त्यास खिडकीजवळची जागा कायम बहाल केली, हे यथातथ्य नोंदविले असे.